पाठीवर ‘थांबा’: पुण्यातील एका मुलांच्या हॉकीवर्गाचे परीक्षण

कोथरूड आणि वारजे यांच्या मधल्या भागात, एका शाळेच्या मागच्या सिमेंटच्या रिंकवर चालणाऱ्या इनलाइन हॉकीच्या, म्हणजे चाकांच्या स्केटवर खेळायच्या हॉकीच्या, वर्गात माझा मुलगा गेले दीड वर्ष जातो. तो आता साडेबारा वर्षांचा आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात सराव असतो, रविवारी सकाळी आपसांत सामने होतात. वर्गाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या प्रसंगांचा उल्लेख येणार आहे त्यांत लहान मुले आहेत, आणि वर्ग ओळखला गेला की मुलेही ओळखली जातील. शिवाय या वर्गाविषयी माझ्या काही गंभीर तक्रारीही आहेत. आपल्या मुलाला किंवा मुलीला या खेळात घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी कोणत्याही वर्गात पाऊल ठेवताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे त्यांना या अनुभवावरून ठरवता यावे म्हणून मी हे लिहीत आहे.

स्केटिंग शिकवण्याच्या बाबतीत हा वर्ग चांगला आहे. तोल, वळणे, उलटे स्केटिंग, झटकन थांबणे, स्टिकवर पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी चपटी चकती, खेळवणे हे सर्व क्रमाने आणि घाई न करता शिकवले जाते. पण तसे शिकवणारे इतर वर्गही शहरात आहेत. या वर्गाचे वेगळेपण त्याच्या शिस्तीच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत आहे, म्हणून मी बहुतांशी त्यांविषयीच लिहिणार आहे.

प्रवेशाच्या दिवशी शुल्काच्या पावतीबरोबर आम्हाला चार पानांचे मराठी नियमपत्रक मिळाले. ते घरी नेऊन सही करून आणण्याची मुभा नव्हती. सरांनी आम्हा दोघांना आणि मुलाला रिंकशेजारच्या बाकावर बसवले, पूर्ण वाचायला लावले, मुलाला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग प्रत्येक पानावर तिघांच्याही सह्या घेतल्या. त्या वेळी मला हा सोपस्कार अंमळ जास्तच वाटला होता. नियम मात्र स्पष्ट होते. स्टिक अडकवणे, पाय घालणे, हाताने धरून ठेवणे यांसाठी २ मिनिटे शिक्षेच्या बाकावर. कोणालाही मागून ढकलले तर त्या दिवसाचा खेळ संपला आणि पुढचे दोन वर्ग बंद. मारामारी केली तर, ती कोणीही सुरू केलेली असो, दोघेही तत्काळ बाहेर आणि पुढचे तीन वर्ग बंद. भांडण चालू असताना बाकावरून उठून रिंकवर जो उतरेल त्याला मारामारी करणाऱ्याइतकीच शिक्षा.

हे नियम कोठून आले, असे मी पहिल्याच पालकसभेत विचारले. सर स्वतः काही हिवाळे लेहला जाऊन बर्फावर खेळलेले आहेत, आणि त्यांनी हे पत्रक तयार करताना मुलांच्या आणि कुमारांच्या आइस हॉकीतील नियम समोर ठेवले होते. पुण्यात आइस हॉकीच्या मापाची बर्फाची रिंक नाही, त्यामुळे आपली मुले एका रांगेत चाके असलेल्या स्केटवर हा खेळ खेळतात. आइस हॉकीत एका वेळी पाच खेळाडू आणि गोलरक्षक असतो, येथे चार आणि गोलरक्षक. आइस हॉकीत मोठ्यांना अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याकडून पक सोडवण्याची, म्हणजे बॉडी चेकिंगची, परवानगी असते. चाकांवरच्या हॉकीत ती कोणत्याच वयाला नाही. तरीही वेग असतो, हातात स्टिक असते, चारही बाजूंनी कठडा असतो. धक्का लागतो आणि धक्का लागला की राग येतो. त्या रागाला नियमांनी कसे आवरायचे, हे बर्फावरच्या हॉकीने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलेले आहे, आणि ते शिकणे अजून पूर्ण झालेले नाही.

त्या सभेत सरांनी आम्हाला ४ जानेवारी १९८७ ची गोष्ट सांगितली. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील पिएश्चनी या गावी २० वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांचा सामना चालू होता आणि कॅनडा ४-२ ने पुढे होता. दोन खेळाडूंची बाचाबाची झाली, मग बाकांवर बसलेली मुले रिंकवर उतरली आणि दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. पंचांना काही करता येईना. ते रिंक सोडून गेले आणि शेवटी संयोजकांनी सभागृहातील दिवे मालवले, तरीही अंधारात मारामारी चालूच राहिली. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. कॅनडाच्या ज्या मुलांना सुवर्णपदकाची संधी होती ती हात हलवत परत गेली आणि सुवर्ण फिनलंडला मिळाले. बाकावरून उठणाऱ्याला मारामारी करणाऱ्याइतकीच शिक्षा का, याचे उत्तर आम्हाला त्यानंतर विचारावे लागले नाही. दोन मुलांचे भांडण पंच सोडवू शकतात, पण दहा मुले मध्ये पडली की ते कोणाच्याच हातात राहत नाही.

यानंतरची माहिती मी स्वतः वाचून काढली, कारण एका गोष्टीने मला अस्वस्थ केले होते. कॅनडातील कुमार गटांच्या मोठ्या लीगमध्ये १६ ते २० वर्षांची मुले खेळतात, आणि तेथे कित्येक दशके मारामारी हा खेळाचाच भाग मानला जात होता. त्यासाठी ५ मिनिटे बाकावर बसायचे आणि पुन्हा खेळायला यायचे. मार्च २००८ मध्ये क्वेबेकमधील कुमार लीगच्या एका सामन्यात जोनाथन रॉय हा गोलरक्षक संपूर्ण रिंक ओलांडून समोरच्या गोलरक्षकावर धावून गेला आणि लढण्याची इच्छा नसलेल्या त्या मुलाला त्याने बेदम मारले. त्याला ७ सामन्यांचे निलंबन झाले आणि त्याच्या संघाचे प्रशिक्षक, म्हणजे त्याचे वडील आणि विख्यात गोलरक्षक पॅट्रिक रॉय, यांना ५ सामन्यांचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅनडाच्याच ओंटारियो प्रांतात प्रौढांच्या एका हौशी सामन्यात २१ वर्षांच्या डॉन सँडरसनचे हेल्मेट मारामारीत निघाले, त्याचे डोके बर्फावर आपटले आणि २ जानेवारी २००९ रोजी तो वारला.

यावर दोन प्रकारचे उपाय झाले आणि त्यांतला फरक पालकांनी समजून घ्यावा असा आहे. ओंटारियोच्या कुमार लीगने २०१२-१३ च्या हंगामापासून मारामाऱ्यांची मोजदाद सुरू केली: एका हंगामात १० पेक्षा अधिक मारामाऱ्या केल्या तर पुढच्या प्रत्येक मारामारीला २ सामन्यांचे निलंबन. २०१६-१७ पासून ही मर्यादा १० वरून ३ वर आणली गेली. क्वेबेकच्या लीगने मात्र, प्रांताच्या सरकारचाही तगादा असल्याने, २०२३-२४ पासून पहिल्याच मारामारीला खेळाडूला सामन्याबाहेर काढण्याचा नियम केला. मर्यादा घालून देणारा नियम मुलाला सांगतो की इतक्या वेळा चालेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला त्यातून काय कळते हे मला ठाऊक नाही, पण दहा वर्षांच्या मुलाला त्यातून ‘चालेल’ एवढेच कळते, याविषयी मला शंका नाही. आमच्या वर्गाने मोजदादीचा मार्ग घेतला नाही, आणि या पत्रकातील ही सर्वांत शहाणी निवड आहे असे माझे मत आहे.

धडक देण्याच्या बाबतीतही तेच. अमेरिकेच्या हॉकी संघटनेने २०११ मध्ये आणि कॅनडाच्या संघटनेने २०१३ मध्ये ११-१२ वर्षांच्या गटातून बॉडी चेकिंग काढून टाकले. कॅनडात याला विरोध मोठा होता. लवकर शिकले नाही तर पुढे मार बसेल, असा प्रशिक्षकांचा आणि पालकांचाही युक्तिवाद होता. पण त्या वेळी आल्बर्टा प्रांतात या वयाला धडक देण्याची परवानगी होती आणि क्वेबेकमध्ये नव्हती, त्यामुळे दोन्हीकडच्या मुलांची तुलना करता आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आल्बर्टाच्या मुलांना दुखापत होण्याची आणि मेंदूला हादरा बसण्याची जोखीम तिपटीहून अधिक आढळली. बारा वर्षांच्या मुलांमध्ये एक पोरगेला आणि दुसरा वीतभर उंच झालेला, असे एकाच संघात असतात. माझ्या मुलाच्या गटात आजही दोन मुलांच्या वजनात वीस किलोंचे अंतर आहे. त्या अंतराला नियमाने आळा घातला नाही, तर शिकण्याच्या नावाखाली लहान चणीचे मूल फक्त मार खात राहते.

वर्गाच्या सरावाच्या सदऱ्यावर, पाठीवर मानेच्या खाली, लाल अष्टकोनी पट्टी शिवलेली असते आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत ‘थांबा’ लिहिलेले असते. ही कल्पनाही ओंटारियोतील मुलांच्या हॉकीतून आली आहे. १९८० च्या दशकात तेथे मुलांना मागून ढकलल्यामुळे ती डोक्यावर कठड्याला आपटून पाठीच्या कण्याला कायमच्या इजा होऊ लागल्या. मागून धडक देण्याविरुद्ध नियम कडक झाले आणि नंतर सदऱ्यांवर थांबण्याची खूण आली. समोरच्याची पाठ दिसली की हात आवरायचा, इतकाच तिचा अर्थ. कठड्याजवळ पकच्या मागे असलेल्या मुलाला मागून येणारा दिसत नाही, त्याला मान सावरायलाही वेळ मिळत नाही, म्हणून हा एक धक्का इतर सर्व धक्क्यांहून वेगळा मानायचा. मला या वर्गातील सर्वांत आवडलेली वस्तू ही पट्टी आहे. ती शिवायला शिंप्याने प्रत्येकी चाळीस रुपये घेतले.

आता माझ्याच घरातला प्रसंग. गेल्या डिसेंबरमध्ये, रविवारच्या सामन्यात, कठड्याजवळ माझ्या मुलाकडून पक निसटला आणि त्याने तो घेऊन जाणाऱ्या मुलाला मागून दोन्ही हातांनी ढकलले. त्या मुलाच्या हेल्मेटची चेहऱ्यावरची जाळी कठड्यावर आपटली. तो उठला, वळला आणि त्याने स्टिकसकट हात फिरवला. मग माझ्या मुलाने हातमोजे टाकले आणि त्याच्या हेल्मेटची जाळी धरून ओढली. शिट्टी वाजून सर पोहोचेपर्यंत हे सारे दहा-बारा सेकंदांत झाले. कोणाला लागले नाही. सरांनी दोघांनाही रिंकबाहेर काढले, दोघांची स्केट उतरवून घेतली आणि दोन वेगवेगळ्या बाकांवर बसवले. माझ्या मुलाला मागून ढकलल्याबद्दल दोन आणि मारामारीबद्दल तीन असे पाच वर्ग बंद झाले. दुसऱ्या मुलाला तीन.

पुढच्याच रविवारी पिंपरी-चिंचवडमधील एका वर्गाशी सामना होता आणि त्या महिन्यात आमच्या गटात सर्वाधिक गोल माझ्या मुलाचे होते. शिक्षा एक आठवडा पुढे ढकलता येईल का, असे मी सरांना विचारले. विचारायला नको होते, हे आज मला स्पष्ट दिसते, पण त्या दिवशी मला ते रास्त वाटत होते. सर एवढेच म्हणाले, “ताई, पत्रकावर तुमची सही आहे, आणि त्याचीही आहे.” दुसऱ्या मुलाचे वडील अधिक चिडलेले होते, कारण त्यांच्या मते त्यांच्या मुलाने केवळ प्रत्युत्तर दिले होते. त्यांना सरांनी सांगितले, “ढकलल्यावर त्याला राग आला हे मला समजतं. पण त्याच्या हातात स्टिक होती, आणि ती त्याने खाली टाकली नाही.” घरी सासूबाईंचे म्हणणे होते की लहान मुलांची भांडणे ही अशीच असायची, त्यात शाळेसारखी शिक्षा कशाला. माझ्याकडे त्या वेळी त्यांना द्यायला उत्तर नव्हते.

शिक्षेची रीत मात्र वेगळी निघाली. वर्ग बंद म्हणजे घरी बसणे नव्हते. मुलाने पाचही दिवस वेळेवर येऊन, साध्या कपड्यांत, शिक्षेच्या बाकाशेजारी बसून नोंदवही लिहायची: कोणाला कशासाठी किती मिनिटे, घड्याळात किती वाजता. पहिल्या दोन दिवशी तो मान खाली घालून लिहीत होता. तिसऱ्या दिवशी त्याने मला घरी येताना सांगितले की एका मोठ्या मुलाने तीन वेळा मागून हात लावला आणि पंचांनी तो एकदाच पाहिला. सामन्यात आपल्याला जे दिसत नाही ते बाकावरून दिसते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. तो शांत झाला असे मी म्हणणार नाही. राग त्याला अजूनही येतो. पण त्यानंतर कठड्याजवळ पाठ दिसली की तो हात मागे घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

लहान मुलांच्या, म्हणजे आठ ते दहा वर्षांच्या गटात शिक्षेपेक्षा दुसरी एक पद्धत अधिक लागू पडते असे माझे निरीक्षण आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मुलांच्या लीगमध्ये जो संघ ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी शिक्षेची मिनिटे घेतो त्याला, सामना हरला तरी, एक जादा गुण मिळतो. आमच्या वर्गाने हे आपल्या रविवारच्या सामन्यांना लावले आहे आणि मर्यादा ६ मिनिटांची ठेवली आहे. मुले गुणाला जपतात, त्यामुळे एकमेकांना आवरतात. याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे: एका मुलीमुळे गुण गेला तेव्हा संघातल्या चार जणींनी तिच्याशी बोलणे टाकले आणि ती दोन वर्ग आली नाही. गुण सगळ्यांचा असला तरी चूक एकाची असते, आणि त्या एकाला सांभाळण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची आहे. या वेळी ती सहायक दादांच्या लक्षात आली नाही.

डोक्याच्या दुखापतीविषयीचे पत्रकातील पान सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेले आहे. गेल्या जुलैत पावसाळी दमटपणामुळे रिंक निसरडी झाली होती आणि नऊ वर्षांची एक मुलगी कोणाचाही धक्का न लागता मागच्या मागे पडली. ती लगेच उठली, “काही नाही झालं,” असे म्हणाली आणि खेळायला निघाली. पण थोड्या वेळाने तिने “आता कोणाची पाळी?” असे एकदा विचारून पुन्हा तेच विचारले. सरांनी तिला तेथेच थांबवले. त्या दिवशी तिला परत रिंकवर जाऊ दिले नाही, तिच्या आईला फोन केला आणि छापील कागद हातात दिला: पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, हातापायांत अशक्तपणा किंवा झटके यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी मेंदूला हलका हादरा बसल्याचे सांगितले.

ती मुलगी अठरा दिवसांनी परत आली. आधी एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू शाळा, मग चालणे, मग एकटीने स्केटिंग, मग धक्का लागणार नाही असा सराव, मग डॉक्टरांचे पत्र आणि मगच सामना. ही सहा पायऱ्यांची पद्धत जगभरच्या खेळांत आता मान्य आहे. खेळांत मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांविषयी २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही ती ठेवली, प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावेत असे सांगितले, आणि अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा जुना सल्ला योग्य नाही हेही स्पष्ट केले. घाई का करायची नाही, याचे कारण ओंटारियोतील रोवन स्ट्रिंगर या १७ वर्षांच्या रग्बी खेळाडू मुलीच्या मृत्यूत आहे. २०१३ साली काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला आणि पहिला मार बरा होण्याआधीच ती खेळत राहिली. तिच्या नावाने २०१८ साली त्या प्रांतात कायदा झाला. खेळाडू मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी दरवर्षी या दुखापतीविषयीची माहिती वाचणे त्यामुळे बंधनकारक झाले. आमच्या वर्गातही दर जूनमध्ये ते पान पुन्हा वाचून पुन्हा सही करावी लागते. आता मला तो सोपस्कार जास्त वाटत नाही.

माझी मोठी तक्रार याच पानाविषयी आहे, कारण ते पान सर असतात तेव्हाच पाळले जाते. सप्टेंबरमधील एका रविवारी सर परगावी होते आणि सहायक दादा एकटे होते. एका मुलाच्या हनुवटीवर कोपर बसले, तो खाली बसला, डोळे मिटून राहिला, आणि पाच मिनिटांनी पाणी पाजून त्याला पुन्हा खेळायला सोडण्यात आले. मी आणि आणखी एका पालकाने आक्षेप घेतला तेव्हा उत्तर मिळाले की मूल स्वतःच ठीक आहे म्हणते. मूल तसेच म्हणणार. त्या नऊ वर्षांच्या मुलीनेही तेच म्हटले होते. सुदैवाने त्याला काही झाले नाही. पण नियम एका माणसाच्या हजेरीवर अवलंबून असेल तर पालकाने त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. त्या दिवशी प्रथमोपचाराच्या पेटीत बर्फाची पिशवीही नव्हती, आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक भिंतीवर कोठेही लिहिलेला नव्हता.

साहित्याविषयी थोडक्यात. पूर्ण चेहरा झाकणारी जाळी असलेले हॉकीचे हेल्मेट, हातमोजे, कोपर, गुडघे आणि नडग्यांची कवचे, माउथगार्ड हे सर्व सक्तीचे आहे आणि एक वस्तू विसरली तरी त्या दिवशी रिंकवर सोडत नाहीत. सुरुवातीला बरेच पालक घरातले क्रिकेटचे हेल्मेट घेऊन येतात. सर ते परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे, कारण क्रिकेटच्या जाळीतील फट चेंडू आत शिरू नये एवढ्याच बेताची असते आणि तीतून स्टिकचे टोक आत जाऊ शकते. कॅनडात १९७० च्या दशकात टॉम पॅशबी या नेत्रतज्ज्ञाने हॉकीत डोळे गमावलेल्या मुलांच्या नोंदी ठेवून पाठपुरावा केला, तेव्हा कोठे मुलांना जाळी सक्तीची झाली. मला हेल्मेट आणि जाळी मिळून साडेसहा हजार रुपये पडले. ज्यांना लगेच खरेदी शक्य नाही त्यांना वर्ग हेल्मेट भाड्याने देतो, पण त्यांतील दोन हेल्मेटांच्या आतला फोम सुटलेला आणि पट्टा सैल झालेला मी पाहिला आहे. अशी हेल्मेट काढून टाकायला हवीत. भाड्याचे घेणार असाल तर आत हात घालून तपासून घ्या.

गळ्याच्या पट्ट्याबाबत वर्गाने फरक केला आहे. चाकांवर तो ऐच्छिक आहे. मात्र गेल्या हिवाळ्यात वर्गातील चार मोठी मुले लेहला बर्फावरच्या शिबिराला गेली, तेव्हा गळ्याचा पट्टा नसलेल्या मुलाला सरांनी नेण्यास नकार दिला. बर्फावरच्या स्केटला पाते असते. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे ॲडम जॉन्सन या २९ वर्षांच्या खेळाडूचा गळ्याला पाते लागून मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत गळ्याचे संरक्षण सक्तीचे केले आणि अमेरिकेच्या संघटनेने १ ऑगस्ट २०२४ पासून १८ वर्षांखालील सर्वांना ते बंधनकारक केले. ज्या एका पालकांनी “चार दिवसांसाठी कशाला” असे म्हटले, त्यांनीही शेवटी पट्टा घेतला आणि मगच मुलगा गेला.

शुल्क तीन महिन्यांचे सहा हजार रुपये आहे, सामन्यांच्या प्रवासाचा खर्च वेगळा. पालकांना कठड्यापासून चार पावले मागे आखलेल्या पांढऱ्या रेषेपलीकडे उभे राहावे लागते आणि पंचांवर ओरडणाऱ्याला त्या दिवशी फाटकाबाहेर जायला सांगतात. मी दोनदा तसे होताना पाहिले आहे. पावसाळ्यात छत नसल्याने निम्मे वर्ग रद्द होतात आणि त्यांची भरपाई पूर्ण होत नाही. स्वच्छतागृह शाळेचे आहे आणि रविवारी बहुतेक वेळा कुलूपबंद असते, याची मुलींना फार अडचण होते.

नव्या वर्षाचे शुल्क भरताना मी सरांना एक पत्र दिले आणि त्यात तीन गोष्टी मागितल्या. सहायकांसह सर्व प्रशिक्षकांना प्रथमोपचाराचे आणि डोक्याची दुखापत ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे. जुनी हेल्मेट काढून टाकावीत. आणि शिक्षेविरुद्ध, किंवा एखाद्या प्रशिक्षकाच्या वागण्याविरुद्ध तक्रार करायची झाल्यास ती ऐकायला सरांव्यतिरिक्त कोणीतरी असावे. आज सरच शिकवतात, सरच रविवारी पंच असतात आणि शिक्षाही सरच ठरवतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, आणि माझ्या मुलाला दिलेली शिक्षा योग्यच होती. पण उद्या त्यांच्या जागी दुसरे कोणी आले, किंवा तेच एखाद्या दिवशी चुकले, तर मुलाने आणि पालकाने कोणाकडे जायचे? क्वेबेकच्या त्या प्रकरणात प्रशिक्षकालाही निलंबित करता आले, कारण शिक्षा देणारी यंत्रणा संघाच्या बाहेर होती.

हेल्मेट दुसऱ्याच आठवड्यात बदलली. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दोन सहायकांनी घेतले आहे, तिसऱ्याचे दिवाळीनंतर आहे, आणि रुग्णालयाचा क्रमांक आता फाटकाजवळ रंगवलेला आहे. तिसऱ्या मागणीवर सर म्हणाले, “दोन पालक आणि एक बाहेरचे खेळाडू, अशी समिती करता येईल, नावं सुचवा.” मी तीन नावे दिली आहेत. समिती अजून झालेली नाही.